द्राक्षाच्या छाटणीतून मोठ्या झाडांकडे: आमची वाटचाल

झाडं छाटणाऱ्या आमच्या फर्मचं मूळ सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या द्राक्षबागांत आहे. वडील छाटणीच्या टोळीचे मुकादम. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, मधे मिळेल ते काम. त्या मधल्या कामांतूनच आम्ही मोठ्या झाडांकडे वळलो. सांगलीच्या विश्रामबागेत बंगल्यावर झुकलेला गुलमोहर, मिरजेत तारांमध्ये शिरलेली निलगिरी. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. पूर ओसरल्यावर नदीकाठी माती मऊ पडून कलंडलेली झाडं इतकी निघाली, की जोडधंदाच मुख्य धंदा झाला.

काम वाढलं तशी एक उणीव टोचू लागली. द्राक्षवाल्याला अडचण आली तर विचारायला जागा आहे. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ आहे, चर्चासत्रं होतात, डाऊनी (केवडा रोग) आला की फवारणी कधी आणि कशाची, हे चार जाणते एकत्र बसून सांगतात. झाडं सांभाळणाऱ्याला आमच्याकडे असं कुणी नाही. ज्याच्याकडे करवत आणि दोर, तो या धंद्यात. "मजुरी नको, लाकूड तेवढं माझं" असं म्हणणाऱ्यापुढे आमचा दर टिकायचा कसा? जितकं जास्त कापेल तितका त्याचा फायदा.

एका सोसायटीत हेच झालं. पर्जन्यवृक्षाच्या फक्त वाळक्या आणि भिंतीला घासणाऱ्या फांद्या काढा, असं आम्ही सुचवलं होतं. काम स्वस्तात दुसरीकडे गेलं आणि झाड वरून सपाट कापलं गेलं. पुढच्या वर्षी त्या तोडलेल्या टोकांवर फुटव्यांचे झुबके आले. असा फुटवा सालीलगतच्या थरातून निघतो, मूळ फांदीसारखा खोडात रुतलेला नसतो. वळवाच्या वाऱ्यात ते मोडून गाड्यांवर पडले, आणि मग धोकादायक म्हणून अख्खं झाडच काढायचा अर्ज गेला. चांगलं निरोगी झाड होतं. अजून राग येतो.

परदेशात यावर उत्तर शोधलं ते संघटनांनी. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चरची सुरुवात अमेरिकेत 1924 ची, झाडांची कामं करणाऱ्या फर्मची ट्री केअर इंडस्ट्री असोसिएशन 1938 ची. यातल्या पहिल्या संघटनेची परीक्षा द्यायला साधारण तीन वर्षांचा अनुभव लागतो, आणि पुढेही शिकत राहिल्याशिवाय प्रमाणपत्र टिकत नाही. शेंडा सपाट छाटणं त्यांनी वाईट काम ठरवलंय. त्यामुळे तिथला माणूस गिऱ्हाइकाला नियम दाखवू शकतो. आम्हाला प्रत्येक दारात पहिल्यापासून पटवून द्यावं लागतं.

त्यांच्याकडची तीन कापांची पद्धत आम्ही उचलली. जाड फांदी असेल तर खोडापासून फूटभर अंतरावर पहिला काप खालून, अर्धाही नाही. दुसरा वरून, थोडा बाहेरच्या बाजूला, म्हणजे फांदी वजनाने तुटताना साल खोडापर्यंत सोलत नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापात काढायचा, पण फांदीच्या बुडाशी जो फुगवटा असतो तो सोडून. जखम बुजवणारी नवी साल तिथूनच येते. वर डांबर फासायची गरज नसते.

आता सांगली-मिरजेतले आम्ही काही छाटणीवाले महिन्यातून एकदा बसतो. हेल्मेट आणि हार्नेसशिवाय कुणी वर चढायचं नाही, चालू तारेजवळ महावितरणने लाइन बंद केल्याशिवाय काम नाही, एवढं पहिल्याच बैठकीत ठरलं. कागदपत्रांतही एकमेकांचा आधार होतो. शहरात 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली झाड तोडायला परवानगी लागते, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरचं झाड वारसावृक्ष धरलं जातं. एकटा माणूस गिऱ्हाइकाच्या घाईला बळी पडतो. सगळ्यांचं उत्तर एकच असलं की घाई करणारा दुसरीकडे जाऊन काय करणार?

मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा जुना वड आम्हा सगळ्यांच्या मनात आहे. 2020 मध्ये लोक उभे राहिले, महामार्गाची आखणी बदलली आणि झाड वाचलं. 2022 च्या पावसाळ्यात ते कोसळलं. अशा जुन्या झाडाची पोकळी, मुळं, भार दरवर्षी बघणारी माणसं जिल्ह्यात असायला हवीत, आणि ती एकट्या फर्मच्या आवाक्यातली गोष्ट नाही.

संस्था म्हणून नोंदणी करायला किमान सात सभासद लागतात, ते जमलेत. नियमावलीचा मसुदा लिहून झालाय, अपघात विमा सर्वांचा एकत्र काढता येईल का याची चौकशी चालू आहे. जत, कवठेमहांकाळ, इस्लामपूरकडच्या टोळ्यांनी यावं, मग ते दोर-करवतवाले असोत की मशीनवाले. अट एकच, लाकडाच्या मोबदल्यात काम घ्यायचं नाही.