प्रागमध्ये रिकाम्या कोटाच्या खांद्यावर बसलेला काफ्का: बघायला जाणार असाल तर हे वाचून जा

चेक देशाच्या राजधानीत, प्रागला चार दिवस होतो, मी आणि माझा धाकटा भाऊ. बाकी सगळ्यांसारखाच किल्ला, पूल, घड्याळ सगळं केलं पण खरं सांगायचं तर मी गेले होते एका पुतळ्यासाठी. यारोस्लाव्ह रोना या शिल्पकाराने केलेलं, प्रागमध्येच जन्मलेल्या फ्रान्झ काफ्का या लेखकाचं ब्रॉन्झचं स्मारक. फोटो कित्येक वर्षांपासून बघत होते, तरी समोर उभं राहिल्यावर जे झालं ते फोटोत नाहीच येत, म्हणून एवढं लिहायला बसलेय.

आधी आमची चूक सांगते म्हणजे तुमची होणार नाही. मॅपवर नुसतं 'काफ्का' टाकलं की प्रागमध्ये चार-पाच ठिकाणं येतात. आम्ही पहिल्या दिवशी नदीपलीकडे काफ्का म्युझियमपाशी जाऊन पोचलो, तिथे अंगणात डेव्हिड चेर्नी या दुसऱ्या शिल्पकाराची ब्रॉन्झची दोन माणसं आहेत, ती वेगळी. मग कोणीतरी सांगितलं म्हणून नारोद्नी त्र्शीदा मेट्रोजवळ गेलो, तर तिथे ते काफ्काचं फिरणारं चकचकीत डोकं, तेही चेर्नीचंच, 2014 चं, 42 थर वेगवेगळे फिरतात आणि चेहरा मोडून परत जुळतो. छान आहे, बघाच, पण ते स्टेनलेस स्टील. रोनाचा पुतळा योसेफोव्ह म्हणजे जुन्या ज्यू वस्तीत आहे, दुश्नी रस्त्यावर, स्पॅनिश सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आणि चर्च ऑफ द होली स्पिरिट यांच्या मधल्या छोट्याशा मोकळ्या जागेत. मेट्रोच्या हिरव्या लाइनवर स्तारोमेस्त्स्का स्टेशनला उतरायचं, शिरोका रस्ता पकडायचा, पार्झीश्काचा मोठा रस्ता ओलांडून तसंच सरळ जायचं, सिनेगॉगची नक्षीदार इमारत दिसली की पोचलात. ओल्ड टाउन स्क्वेअरवरून पण चालतच जा, अगदी जवळ आहे. तिकीट, गेट काही नाही, रस्त्यावरच उभा आहे, रात्री-बेरात्री कधीही जा.

आता पुतळा. उंची 3.75 मीटर. खाली एक भलामोठा सूट चालतोय, नुसता सूट, आत माणूस नाही. मान असायला हवी तिथे रिकामी कॉलर, हात असायला हवेत तिथे पोकळ बाह्या. आणि त्याच्या खांद्यावर, जत्रेत बाबांच्या खांद्यावर पोरगं बसतं ना तसा, हॅट घातलेला छोटासा काफ्का बसलाय, एक बोट पुढे करून, जणू त्या सुटाला वाट दाखवतोय. माझा भाऊ दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, वरच्याने खालच्याला धरलंय की खालच्याने वरच्याला पळवलंय गं?" मला वाटतं सगळा पुतळा या एका प्रश्नात आहे. आपल्याकडे मानगुटीवर बसणं म्हणतात, ते वेताळाचं असतं, पण इथे ज्याच्या मानगुटीवर बसायचं त्याला मानगूटच नाही!

ही कल्पना आली काफ्काच्याच तरुणपणीच्या एका कथेतून, 'एका झुंजीचं वर्णन'. त्यात कथा सांगणारा ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर उडी मारून बसतो आणि त्याला घोड्यासारखा हाकतो. रोनाने तो ओळखीचा माणूसच काढून टाकला, कपडे तेवढे ठेवले. मला हे फार भारी वाटतं कारण पुतळा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर अश्वारूढ पुतळा येतो, घोडा, स्वार, पुढे केलेला हात, आणि इथे तेच सगळं आहे, स्वार आहे, पुढे केलेलं बोट आहे, फक्त घोड्याच्या जागी पोकळी आहे. आणि ती पोकळी ब्रॉन्झमध्ये! ब्रॉन्झचे मोठे पुतळे तसेही आतून पोकळच ओततात, धातूचा जाड पत्रा असतो नुसता, पण शिल्पकार ते लपवतात, याने तेच उघडं करून दाखवलंय. बाहीच्या तोंडाशी खालून डोकं नेऊन बघा, कापडाला पडतात तशा चुण्या धातूला पडल्यात आणि आत काळोख.

खाली फरशीकडे पण लक्ष द्या, बहुतेक लोक वर बघत निघून जातात. छोट्या छोट्या दगडांची फरसबंदी आहे ती किड्याच्या आकारात बसवलीय, काफ्काच्या 'रूपांतर' या कथेत माणूस सकाळी उठतो तो किडा होऊनच, त्या किड्याची आठवण म्हणून.

रोनाबद्दल थोडं. 1957 चा जन्म, प्रागचाच. शिकला काच, स्तानिस्लाव्ह लिबेन्स्की या मोठ्या काच-कलावंताच्या हाताखाली, मग चित्रं आणि शिल्पं दोन्ही करायला लागला. 1987 मध्ये, अजून कम्युनिस्ट राजवट होती तेव्हा, काही कलावंत मित्रांनी मिळून 'त्वर्दोहलावी' नावाचा ग्रुप काढला, अर्थ म्हणजे हट्टी, हेकट डोक्याची माणसं. हा त्यातला एक. काफ्काचं स्मारक डिसेंबर 2003 मध्ये उभं राहिलं, काफ्काच्या जन्माला 120 वर्षं झाली ते साल. इतकी वर्षं त्याच्याच गावात त्याचा असा मोठा पुतळा नव्हता याचं नवल वाटतं. फ्रान्झ काफ्का पुरस्कार हा साहित्याचा पुरस्कार मिळतो त्यांना याचीच छोटी ब्रॉन्झ प्रतिकृती देतात, जपानी लेखक मुराकामींना 2006 मध्ये मिळाली होती.

वेळेचं सांगते. दुपारी अजिबात जाऊ नका, ज्यू वस्तीच्या टूर एकामागून एक येतात, आम्हाला पहिल्यांदा लोकांच्या पाठीच दिसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला गेलो, कोणी नव्हतं, अर्धा तास मनासारखा मिळाला. समोरून फोटो काढून निघू नका, पूर्ण चक्कर मारा, पाठीमागून सूट खराच चालत निघून जातोय असं वाटतं. स्पॅनिश सिनेगॉग (1868 ची) आतून बघायची असेल तर शनिवार टाळा, बंद असते. रस्ते सगळे दगडी, चप्पल नको, बूट घाला. मेट्रो-ट्रामचं कागदी तिकीट घेतलंत तर मशीनमध्ये पंच करायला विसरू नका, नुसतं खिशात ठेवलेलं चालत नाही.

रोना आवडला तर प्राग किल्ल्यात त्याचंच अजून एक ब्रॉन्झ आहे, 'कवटीची बोधकथा', 1993 चं, गोल्डन लेनच्या बाजूच्या यिर्झ्स्का रस्त्याच्या खालच्या टोकाला. रांगणारा माणूस आणि पाठीवर त्याच्याएवढी अवाढव्य कवटी. हे बघून मग परत काफ्काकडे जा, मी सांगते, दोन्हीकडे कोणीतरी कोणाला तरी वाहतंय आणि उतरवायची सोय नाही. किल्ल्यात गर्दी असते, लवकर जा. हातात अजून एक दिवस असेल तर ट्रेनने ब्रनो हे दुसरं चेक शहर करा, अडीच तासाच्या आसपास लागतात, तिथे मोराव्हस्के चौकात रोनाचा 2015 चा 8 मीटर उंच घोडेस्वार आहे, घोड्याचे पाय एवढे लांब की खालून आरामात चालत जाता येतं.

शेवटच्या संध्याकाळी भुरभुर पाऊस होता तरी आम्ही पुन्हा दुश्नीला गेलो. ओला ब्रॉन्झ जवळजवळ काळा दिसत होता आणि सुटाच्या रिकाम्या बाहीच्या कडेवरून थेंब थेंब पाणी खाली त्या किड्यावर पडत होतं. भाऊ छत्री धरून उभा राहिला, मी अजून एक चक्कर मारून आले.