ओमान: शंभर मिलीमीटरच्या देशातली वादळे

ओमानमध्ये गाडीने फिरताना, रस्ता जिथे कोरड्या पात्रात उतरतो तिथे कडेला पांढऱ्या आणि लाल पट्ट्यांचे खांब रोवलेले दिसतात. पाणी लाल पट्ट्याला टेकले की गाडी पुढे न्यायची नाही, एवढाच त्यांचा अर्थ. भोवती पाहावे तर नजर पोहोचेल तिथवर तापलेले गोटे आणि काटेरी झुडपे. ओल म्हणून नावाला नाही. मस्कतला नोकरीनिमित्त राहणारा माझा भाचा म्हणाला, "मामा, हसू नका. वाहत्या वादीत कुणी मुद्दाम गाडी घातली, तर इथे दंड होतो, तुरुंगातही जावे लागते." वादी म्हणजे हेच कोरडे पात्र. वर्षातले बहुतेक दिवस तो रस्ता असतो, खेळाचे मैदान असते, शेळ्यांचे कुरण असते. आणि डोंगरात पाऊस झाला की तासाभरात नदी होते.

देशाचा सरासरी पाऊस वर्षाला जेमतेम शंभर मिलीमीटर. मुंबईत जुलैतल्या एका चांगल्या दिवसाचा हा ऐवज आहे. अरबी समुद्रात ऐन मोसमी महिन्यांत वादळे सहसा होत नाहीत, कारण खालच्या आणि वरच्या थरांतले वारे परस्परविरुद्ध दिशांनी वाहतात आणि वादळाचा डोलारा उभाच राहू देत नाहीत. म्हणून ती मे-जूनमध्ये किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. त्यांतलीही बरीचशी अरबस्तानातली कोरडी हवा लागून किनाऱ्याआधीच विरतात. जी विरत नाहीत ती मात्र कित्येक वर्षांचा हिशेब एकदम चुकता करतात. जून २००७ मधले गोनू हे अरबी समुद्रात तोवर नोंदले गेलेले सर्वांत तीव्र वादळ होते. त्यात ओमानमध्ये सुमारे पन्नास माणसे गेली आणि मस्कतमधल्या वादींनी आपल्या पात्रांत बांधलेले रस्ते उचलून समुद्रात नेले. घरात कमरेएवढे पाणी आणि नळाला थेंब नाही, अशी तेव्हाची अवस्था होती, कारण समुद्राचे पाणी गोडे करणारे प्रकल्पच बंद पडले होते. ज्या शहराचे पिणे त्या प्रकल्पांवर चालते, त्याच्या दृष्टीने आकाशातून आलेले पाणी ही केवळ आपत्ती होती.

हे पाणी अडवत का नाहीत, हा आपल्याकडच्या माणसाला पडणारा पहिला प्रश्न. अडवतात. मस्कतच्या पश्चिमेला अल खौद येथे १९८५ साली बांधलेले धरण पाहायला आम्ही मुद्दाम गेलो. पाच किलोमीटरांहून लांब असा मातीचा बांध आहे, उंची मात्र फार नाही, आणि आत पाणी नव्हते. धरण रिकामे असणे हे इथे दुष्काळाचे नव्हे, काम झाल्याचे लक्षण मानतात. समाइलच्या डोंगरातून सुटलेला पूर इतका गढूळ असतो, की तो तसाच खाली गेला तर गाळ वाळू-गोट्यांच्या फटी बुजवतो आणि पाणी जमिनीत न मुरता थेट समुद्र गाठते. धरणात ते काही दिवस थांबते, गाळ तळाशी बसतो आणि निवळलेले पाणी हळूहळू खालच्या पात्रात सोडले जाते. ते तिथल्या गोट्यांत मुरावे, विहिरींना लागावे आणि समुद्राचे खारे पाणी मागे रेटले जावे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप आहे.

आतल्या बाजूला उतरून पाहिले. वाळलेल्या गाळाचे तळहाताएवढे तुकडे कडा वर वळवून पसरले होते. भाच्याने एक मोडला. वरचा थर कागदासारखा तलम, खाली किंचित जाड, त्याखाली बारीक रेती आणि मग पुन्हा तलम थर. एकेक पूर येऊन गेल्याची नोंद त्यात उघड दिसत होती. अडचणही तिथेच आहे, कारण हा गाळ साचत गेला की धरणाची जागा कमी होते आणि त्याच्या तळातून पाणी झिरपेनासे होते. शिवाय अशी धरणे नेहमीच्या पुरांच्या मापाने बांधायची असतात. गोनूसारख्या पुराचे बहुतेक पाणी सांडव्यावरून जाणारच.

तिथून बातिना किनाऱ्याने उत्तरेला गेलो. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी शाहीन वादळ या किनाऱ्यावर आदळले. ते ओमानच्या आखातात शिरले, जिकडे वादळे सहसा फिरकत नाहीत. अल खाबूरा येथे त्या वेळी सुमारे ३६९ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. रस्त्याला लागून खजुराच्या बागा आहेत, आणि समुद्राच्या बाजूच्या कित्येक बागांत झाडांचे नुसते शेंडे झडलेले खुंट उभे आहेत. १९७० नंतर इथे पंप आले, विहिरींचा उपसा वाढला आणि समुद्र जमिनीखालून आत सरकला. एका बागेत राखणदाराने विहिरीचे पाणी चाखायला दिले. मचूळ होते, घशाखाली उतरेना. शाहीननंतर काही महिने हेच पाणी गोड लागत होते, मग पुन्हा असे झाले, असे तो म्हणाला. मला तरी पाणी वाया जाण्याची खरी जागा ही वाटली. वादळाने दिलेले समुद्रात गेले त्याहून, जे कसेबसे मुरले ते पंपाने ओढून संपवले याचे वाईट अधिक वाटते.

निझवाजवळच्या फलज दारिस या जुन्या पाटाला पाणी वापरण्याची शिस्त अजून टिकून आहे. डोंगरपायथ्याच्या गोट्यांत मुरलेले पाणी भूमिगत बोगद्यातून, केवळ उताराच्या जोरावर, गावात येते. पाणी आधी पिण्याला, मग मशिदीला, मग आंघोळीला आणि शेवटी खजुराला, असा क्रम आहे. शेतीच्या पाळ्या 'अथर' या अर्ध्या तासाच्या मापाने वाटतात. छत्रपती संभाजीनगरची मलिक अंबरची नहर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. ओमानमधल्या अशा पाच फलजांना २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले.

शेवटचा मुक्काम दक्षिण ओमानमधले सलाला. मे २०१८ मध्ये मेकुनू वादळाने इथे एका दिवसात २७८ मिलीमीटर पाऊस पाडला आणि तो डोंगर ओलांडून रुब अल खाली या निर्जन वाळवंटातही पोहोचला. वाळूच्या टेकड्यांमध्ये तळी साचली. ऑक्टोबरमध्ये लुबान वादळाने त्यात भर घातली. पिणारे कुणी नव्हते, मोजणारेही नव्हते; ओल्या वाळूत अंडी घालायला वाळवंटी टोळ मात्र होते. त्यांच्या तीन पिढ्या कुणाच्या लक्षात येण्याआधी वाढल्या, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने ही वाढ आठ हजार पट असल्याचे सांगितले. तिथून झुंडी येमेनला, पूर्व आफ्रिकेला, इराण-पाकिस्तानला गेल्या, आणि मे २०२० मध्ये राजस्थान-मध्य प्रदेश ओलांडून अमरावतीत आणि नागपूरच्या काटोल भागात उतरल्या. संत्र्याच्या बागांतून डबे वाजवत टोळ हाकलणाऱ्या शेतकऱ्यांनी मेकुनूचे नाव ऐकले असण्याचे काही कारण नव्हते.