चौतीस पूर्ण

शुक्रवार, रात्री साडेअकरा

सकाळी आईने औक्षण केलं. पाटावर बसवून कुंकू लावलं, सुपारी-अंगठी ओवाळली, डोक्यावर अक्षता टाकल्या. "उदंड आयुष्य लाभो." आज मला चौतीस पूर्ण झाली.

कॅनडात कायम राहायला जाण्यासाठी गुणांवर निवड होते, त्या एक्स्प्रेस एन्ट्रीत मात्र रात्रीतून माझे पाच गुण गेले. नवरा-बायको मिळून जाणार असतील तर मुख्य अर्जदाराला विसाव्या ते एकोणतिसाव्या वर्षापर्यंत वयाचे १०० गुण असतात. पुढे चाळिशीपर्यंत दर वाढदिवसाला पाच कमी. काल ८० होते, आज ७५. निरांजन ओवाळणाऱ्या आईला हे कसं सांगायचं? नाहीच सांगितलं.

परीक्षेचं तरी मार्गी लागलं. पहिल्या खेपेला आयेल्ट्सच्या, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेच्या, रायटिंगला साडेसहा आले होते, हवे होते सात. लोक म्हणाले, अर्ध्याने काय होतं. मी हिशोब मांडला. भाषेचे ७, पदवी आणि भाषा यांच्या जोडीचे १२, अनुभव आणि भाषा यांच्या जोडीचे २५. त्या अर्ध्यापायी माझे ४४ गुण अडले होते. दोन महिने पहाटे उठून निबंध लिहिले आणि सात आणले.

आता अडलंय ते अनुभवाच्या पत्राशी. एनओसी म्हटलं की आपल्याकडे ना-हरकत दाखला, तिकडे तो व्यवसायांच्या वर्गवारीचा संकेतांक. त्या संकेतांकाखाली जी कामं लिहिली आहेत, ती आपण खरंच करत होतो हे पत्रातून दिसायला लागतं. हुद्दा, तारखा, पगार, आठवड्याचे तास आणि रोजचं काम, सगळं लेटरहेडवर. अंबडच्या ज्या कारखान्यात मी सात वर्षं क्वालिटीत, म्हणजे माल तपासण्याच्या खात्यात, काढली, तिथून हुद्दा आणि दोन तारखांचं तीन ओळींचं पत्र मिळालं. "आमचा फॉरमॅट हाच, मॅडम." तीनदा गेले, तीनदा हेच उत्तर. परतताना रिक्षात रडू आलं. सात वर्षांत किती लॉट अडवले, किती रात्री थर्ड शिफ्टला मापाचं गेज घेऊन उभी राहिले, त्यातलं एक अक्षर त्या कागदावर नव्हतं.

म्हणून आज संध्याकाळी इंदिरानगरला साहेबांकडे गेले. माझे तेव्हाचे वरिष्ठ, आता निवृत्त झालेत. कंपनीचं पत्र मिळत नसेल तर वरिष्ठांचं सही केलेलं निवेदन, पगाराच्या स्लिपा, पगारावर कापलेल्या कराचा फॉर्म १६ आणि पत्र का मिळालं नाही याचा खुलासा जोडायचा, असं ठरवलंय. मान्य होईलच असं नाही. पण कॅनडाकडून अर्ज करायचं आमंत्रण आलं की हातात ६० दिवसच असतात, तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा आत्ताच तयारी बरी.

मी मसुदा टाइप करून नेला होता. साहेबांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला आणि बाजूला ठेवला. म्हणाले, "हे कुणाचंही असू शकतं. तुझं लिही." मग स्वतःच सांगायला लागले. बोअरचा, म्हणजे भागातल्या भोकाचा, व्यास सतत वरच्या मर्यादेकडे सरकतोय हे मी चार्टवरून पकडलं होतं, माल निघायच्या आत लाइन थांबवायला लावली होती, प्रॉडक्शनवाले चिडले होते. पुरवठादाराकडे सिन्नरला ऑडिटला पाठवलं तेव्हा मी एकटीच गेले होते. मी हे विसरले होते. साहेब विसरले नव्हते.

काकूंनी शिरा केला होता, वाढदिवस आहे कळल्यावर वर चमचाभर तूप सोडलं.

घरी आले तर आई जागी होती. "कुठे होतीस?" मी सांगितलं. पत्राचं, गुणांचं, पाच कमी झाल्याचंही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "तिकडे गेल्यावर पुन्हा कुणाच्या पत्रासाठी असं फिरावं लागेल का?" म्हटलं, पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, एका मालकाला बांधलेलं नसतं, नोकरी बदलली तरी राहता येतं. "मग कर नीट," म्हणाली आणि दिवा मालवून झोपायला गेली.

रविवारी सकाळी दहाला साहेब सही करणार आहेत. उद्या स्लिपांच्या झेरॉक्स काढायच्या आणि मसुदा पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायचा.