ॲबार्थ पुंटोचे पुढचे बुश : एकाला फिरायचंय, एकाला लवायचंय

गाडीच्या पुढच्या चाकांकडचे बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी तुकडे, गेलेत हे मला सगळ्यात आधी आईने सांगितलं. अर्थात, बुश हा शब्द तिने वापरला नाही. जेजुरीहून परत येताना बोपदेव घाट उतरत होतो, कोंढव्याच्या बाजूचं वळण आलं, मी ब्रेक दाबला आणि ती म्हणाली, "अरे, ही तुझी गाडी ब्रेक लावला की नाही नाही म्हणून मान हलवते." स्टीअरिंग खरंच हातात थरथरत होतं. मी महिनाभर ते व्हील बॅलन्सिंगवर ढकलत होतो.

गाडी २०१६ ची ॲबार्थ पुंटो, म्हणजे फियाट पुंटोची जोरकस आवृत्ती. १.४ टर्बो, १४५ बीएचपी, २१२ न्यूटन मीटर, आणि ती सगळी ताकद पुढच्या दोन चाकांवर. रांजणगावला बनलेली, म्हणजे नगर रस्त्याची पोरगी. फियाटने भारतातली विक्री थांबवल्याला काही वर्षं झाली, त्यामुळे आता ही गाडी सांभाळणं म्हणजे अर्धं ड्रायव्हिंग आणि अर्धी शोधाशोध.

बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झालं, डिस्क वाकड्या असतील म्हणून त्याही मोजून झाल्या. थरथर तशीच. शिवाय एक खोड नवीन लागली होती: दुसऱ्या गिअरमध्ये जोरात ॲक्सिलरेटर दिला की गाडी डावीकडे ओढायची आणि पाय काढला की उजवीकडे झुकायची. शेवटी एका गॅरेजमध्ये गाडी वर घेतली. फिटरने लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा लोखंडी हात) आणि सबफ्रेम (तो ज्यावर बसतो ती चौकट) यांच्या मध्ये टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घातली आणि आर्म मागेपुढे ढकलला. आर्मच्या मागच्या बुशचं रबर तोंड उघडावं तसं फाकलं. आत काळा भुगा.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लोअर आर्म साधारण इंग्रजी एल अक्षरासारखा असतो. बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट, तो चाक धरतो. आतल्या बाजूला दोन बुश, ते आर्मला गाडीशी जोडतात. पुढचा लहान, त्यातून बोल्ट आडवा जातो. मागचा मोठा, त्यात बोल्ट उभा, आणि रबरात मुद्दाम सोडलेल्या पोकळ्या. वळणात चाक आतबाहेर होऊ न देणं हे मुख्यतः पुढच्याचं काम. ब्रेक लावला किंवा खड्डा लागला की चाकाला किंचित मागे सरकू देणं, हे मागच्याचं. मागचा फाटला की "किंचित"चं "वाट्टेल तितकं" होतं. मग ब्रेक लावल्यावर चाक पुढेमागे नाचतं आणि गाडी मान हलवते.

पहिली चूक इथे केली. नाना पेठेत बुश आणि बॉल जॉइंट बसवून आलेले अख्खे आर्म मिळाले, जोडी ४,५०० रुपयांना. दोन तासांत बसवून दिले. गाडी सुतासारखी सरळ. सात महिने. मग स्पीड ब्रेकरवर डावीकडून टक, टक असा आवाज सुरू झाला. या वेळी मागचा ठीक होता आणि पुढचा गेला होता. रबर आतल्या लोखंडी नळीपासून गोल सुटलं होतं, नखाने सोलता येईल इतकं.

माल हलका होता हे खरं. पण बसवतानाही घोळ झाला होता, आणि मी तिथे चहा पीत उभा होतो. रबरी बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं असतं. आर्म वरखाली होतो तेव्हा रबर स्वतः पिळलं जातं आणि परत येतं. बोल्ट आवळला की आतली नळी त्या जागी पक्की होते आणि तीच रबराची आरामाची स्थिती ठरते. आमच्या फिटरने गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले. गाडी खाली उतरवली, तिचं वजन चाकांवर आलं, आर्म वर गेले आणि पुढच्या बुशचं रबर उभ्या गाडीतच पिळलेलं राहिलं. वर पुण्याचे खड्डे. टॉवेल पिळून ठेवायचा आणि रोज आणखी एक पीळ द्यायचा, असला प्रकार. बोल्ट नेहमी वजन चाकांवर असताना, गाडी तिच्या उंचीवर बसलेली असताना आवळायचे. ही गोष्ट विचारल्याशिवाय कुठल्याही गॅरेजमध्ये गाडी वर जाऊ देऊ नका.

दुसऱ्यांदा म्हटलं, आता नीट निवडून घेऊ. तीन रस्ते होते. ओरिजिनलसारखं रबर, पॉलियुरेथेन, नाहीतर गोल बेअरिंगवाला पिलोबॉल. शेवटचा पाच मिनिटांत बाद केला. त्यात लवचिकपणाच नसतो, ट्रॅकवर उत्तम, पण कात्रजच्या जुलैमधल्या चिखलात उघडं बेअरिंग घेऊन रोज ऑफिसला कोण जाणार?

पॉलियुरेथेनचा, म्हणजे रबरापेक्षा कडक प्लास्टिकसारख्या मटेरियलचा, मोह मात्र मोठा होता. पॉवरफ्लेक्स या कंपनीचे जांभळे रस्त्यासाठी, काळे ट्रॅकसाठी, असले रंग बघत रात्री घालवल्या. कडकपणा शोअर ए या मापात सांगतात. कंपनीचं रबर साठच्या आसपास धरा, मुलांच्या स्केट्सची चाकं ऐंशीच्या आसपास, आणि ट्रॅकवाले बुश पंचाण्णव, म्हणजे हातात घेतले तर प्लास्टिकच वाटतं. आकडा जितका मोठा तितकी गाडी चांगली, असा माझा सरळ हिशेब होता.

एका मित्राच्या गाडीत पुढेमागे सगळीकडे पंचाण्णववाले होते. सिंहगड रोडवर त्याच्या शेजारी बसलो. वळणात गाडी अशी वळते की मन खूश. पण रंबलर स्ट्रिप आली की दाढा मोजून घ्याव्यात. बारीक, अगदी डांबराच्या ठिगळाएवढ्या उंचवट्यावरही गाडी आपटत होती. सोसायटीच्या गेटमधून आत शिरताना जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजासारखी करकरली ती वेगळीच. तो म्हणाला, "सवय होते रे." मला शंका आली की हे निव्वळ कडकपणामुळे नाही. शॉकॲब्सॉर्बर नवे होते, टायरची हवा बरोबर होती.

उत्तर भोसरीला मिळालं. एमआयडीसीत माझ्या ओळखीचे एक टर्नर काका आहेत, लेथ आणि हायड्रॉलिक प्रेस घेऊन बसलेले. माझा जुना आर्म आणि मित्राकडे उरलेला मागचा कडक बुश घेऊन गेलो. व्हर्नियरने बाहेरचा व्यास, आतल्या नळीची उंची, बोल्टचं भोक मोजलं. माझी गाडी ज्यावर बेतलेली ती ग्रँड पुंटो आणि ओपल कोर्सा डी एकाच प्लॅटफॉर्मवरच्या, त्यामुळे कोर्साच्या नावाने दिसणारे पार्टही खुणावत होते. मोजमाप हातात आल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत, एवढं ठरवलं होतं.

काकांनी आधी मागच्या रबरी बुशमधून एक जाड बोल्ट घातला, तो वाइसमध्ये उभा पकडला आणि मला आर्मचं चाकाकडचं टोक वरखाली करायला सांगितलं. एका हाताने झालं. मग तो बुश काढून कडक बसवला. एका हाताने आर्म हललाच नाही. दोन्ही हातांनी भार दिला तेव्हा थोडा खाली गेला आणि सोडल्याबरोबर फाडकन वर आला.

"अहो, याचा बोल्ट उभा आहे," काका म्हणाले. "आर्म वरखाली होताना पुढचा बुश बोल्टभोवती फिरतो. याला तसं फिरता येत नाही, याला तिरकं व्हावं लागतं. पुढच्याला फिरायचंय, मागच्याला लवायचंय. तुम्ही लवणाऱ्याला काठी बांधताय."

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मित्राच्या गाडीत मागचा बुश हा एक जादाचा स्प्रिंग होऊन बसला होता, तोही कोणी न मोजलेला. कडकपणाचा आकडा मी पाहत होतो, दिशा पाहतच नव्हतो. पुढच्याला कडक केलं तर वळणात फायदा, आणि पॉलियुरेथेनचा बुश आतल्या नळीवर घसरून फिरतो, म्हणून वरखाली होण्याला अडथळा नाही. मागच्याला मात्र रबरच हवं.

तेव्हा पुढे ऐंशीच्या जवळचे पॉलियुरेथेन, मागे नवे रबरी. मागचे शोधायला तीन शनिवार गेले. एका दुकानात सीलबंद डबा मिळाला, पण रबरावर साच्यात उमटलेलं छोटं घड्याळ होतं: मध्ये वर्ष, भोवती एक ते बारा आकडे, बाण महिन्याकडे. वर्ष २०१३. रबर न वापरताही म्हातारं होतं. परत केला. दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी केळ्याची जन्मपत्रिका मागितली.

बसवायच्या दिवशी मी चहाला गेलो नाही. जुना बुश काढण्याआधी रबरातल्या पोकळ्यांच्या रेषेत आर्मवर पांढऱ्या रंगाने खूण केली, कारण नवा बुश फिरवून बसला तर मऊ बाजू भलतीकडेच जाते. फिटर सवयीने जळक्या ऑइलचा डबा घेऊन आला. त्याला थांबवलं. रबराला साबणाचं पाणी, पॉलियुरेथेनला सोबत आलेलं सिलिकॉन ग्रीस, बस्स. रबर ऑइलने फुगतं आणि भुसभुशीत होतं. बोल्ट पिटवर, गाडी चारही चाकांवर उभी करून आवळले. पॉलियुरेथेनला याची तशी गरज नव्हती, पण दुधाने तोंड पोळलं होतं.

नंतर अलाइनमेंट. या गाडीत पुढे फक्त टो, म्हणजे चाकं समोरून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बदलता येतो, त्यामुळे काम झटपट झालं. त्याच संध्याकाळी दिवे घाटात गेलो. वळणात शिरताना स्टीअरिंग वळवणं आणि नाक वळणं यांच्यातला जो आळस होता तो गेला. ब्रेकला थरथर नाही. दुसऱ्या गिअरची ओढ पूर्ण गेली नाही, एवढी ताकद पुढच्या चाकांना दिली की थोडी राहणारच, पण आता ती हातात मावते. रस्त्याचा खरखरीत आवाज आधीपेक्षा जरा जास्त येतो. मला चालतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात डाव्या बाजूने कुंई सुरू झाली. आर्म उतरवला, पुढच्या बुशमध्ये बारीक गाळ गेला होता. पुसला, पुन्हा ग्रीस भरलं, गप्प झाला. दर पावसाळ्यानंतर हे करावं लागणार असं दिसतंय. उजवी बाजू अजून बोललेली नाही, म्हणून तिला हात लावलेला नाही.

मागच्या रबरी बुशची आणखी एक जोडी मिळाली होती, ती घेऊन ठेवली आहे. ऊन लागू नये म्हणून जुन्या बिस्किटांच्या डब्यात, माळ्यावर. डब्यावर मोठ्या अक्षरात "आई, टाकू नकोस" असं लिहिलंय. तरी परवा फोन आलाच, "त्या डब्यातली ती काळी चकली कसली रे?"