पाचशे रुपये आणि अकरा माणसं

मार्च २०२३. हळदीचा हंगाम भरात होता, म्हणून पंधरा दिवस सांगलीला येऊन घरून काम करत होतो. घरून म्हणजे मार्केट यार्डातल्या आमच्या अडत दुकानाच्या पोटमाळ्यावरून, कारण नेट तिथलंच धड चालतं. खाली सौदे, वर माझ्या मीटिंगा. हेडफोन लावला तरी बोली ऐकू यायचीच, आणि लॅपटॉपच्या बटणांवर रोज पिवळी धूळ.

एका संध्याकाळी दिवाणजींची खालून हाक आली. "काय ओ छोटे मालक, तुमचं हे अ‍ॅप पाचशे रुपये घेईना झालंय!"

पैसे पाठवायचं अ‍ॅप, माझ्याच कंपनीचं. (नाव सांगत नाही, पगार तिथूनच येतो.) दिवाणजींच्या फोनवर मराठी कीबोर्ड. त्यांनी देवनागरीत ५०० टाकले होते आणि अ‍ॅप म्हणत होतं, 'रक्कम चुकीची आहे'. चाळीस वर्षं शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या लिहिणाऱ्या माणसाला आम्ही रक्कम चुकली म्हणून सांगत होतो. लाज वाटली. रात्रीच बसून कोडच्या पाच ओळी लिहिल्या : देवनागरी आकडा आला की त्याचा इंग्रजी करून पुढे सोडायचा. बाबांना म्हटलं, उद्यापर्यंत होऊन जाईल.

उद्या त्या पाच ओळींवर मीटिंग लागली. अकरा जण.

बाबा चहा घेऊन वर आले आणि स्क्रीनवरच्या चौकटी बघत मागेच उभे राहिले. सुरक्षा बघणाऱ्या बाईंनी विचारलं, "फक्त देवनागरी, की सगळ्या लिप्या?" मी जोशात होतो. म्हणालो, सगळ्याच घेऊ की! त्यांनी स्क्रीनवर एक आकडा लिहिला. "हे किती?"

"आठशे."

"चारशे."

बंगाली चार इंग्रजी आठसारखा दिसतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. गिऱ्हाइकानं असा आकडा टाकून स्क्रीन दुकानदारापुढे धरली, तर दिसणार आठशे, जाणार चारशे, आणि गर्दीच्या वेळी माल हातातून सुटलेला. माझ्या पाच ओळींनी ती वाट मीच उघडून देणार होतो.

पुढचा मुद्दा सर्व्हर सांभाळणाऱ्याचा. जावास्क्रिप्ट ही प्रोग्राम लिहायची भाषा '५००' ला आकडाच मानत नाही; पायथन ही तशीच दुसरी भाषा मात्र मुकाट्यानं पाचशे समजते. आमच्यात फोनवर पहिली, सर्व्हरवर दुसरी, आणि त्यामागे हिशेबाची एक जुनी प्रणाली, तिची तऱ्हा तिसरीच. म्हणजे रूपांतर करायचं तर नेमकं एकाच जागी, आणि बाकीच्यांनी असा आकडा आला तर सरळ नाकारायचा. मग कुणीतरी स्वल्पविरामाचा विषय काढला. जर्मनीत स्वल्पविराम म्हणजे दशांशचिन्ह, त्यामुळे १,५०० म्हणजे दीड. त्यावर वीस मिनिटं गेली, जी माझ्या मते पाचात संपायला हवी होती.

अकरातल्या तिघांनी तोंड उघडलं नाही. एकानं शेवटी एवढंच विचारलं, की हे काम कुठल्या तिमाहीत दाखवायचं. हेही सांगायला हवं. मोठ्या कंपनीत साहेबाचं वजन हाताखाली किती माणसं यावर ठरतं, त्यामुळे माणसं वाढतच जातात. त्याच जानेवारीत गूगलनं १२ हजार जणांना काढायचं जाहीर केलं होतं, तरी बाकीचे पावणेदोन लाखांच्या वर उरत होते.

मीटिंग संपल्यावर बाबा म्हणाले, "पाच ओळींना अकरा माणसं? तुमच्या शेठला परवडतं कसं?"

मी गूगलचाच हिशेब सांगितला. २०२२ ची त्यांची उलाढाल सुमारे २८ हजार कोटी डॉलर. चार पोरांनी वर्षभर राबून त्यात हजारात एक भाग वाढवला, तरी २८ कोटी डॉलर. त्यात त्या चौघांचे पगार कुठल्या कुठे जातात. आणि उलटही तेच. एक आकडा चुकला तर तोही तितक्याच फोनांवर चुकतो.

"आणि व्हॉट्सअ‍ॅप?" माझा चुलतभाऊ खालून ओरडला. तो असल्या गोष्टी वाचत असतो. बरोबर होतं त्याचं. २०१४ मध्ये फेसबुकनं १९०० कोटी डॉलरना ते घ्यायचं ठरवलं तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपकडे ४५ कोटी वापरणारे होते आणि माणसं पन्नास-पंचावन्न. पण तेव्हा त्यात जाहिरात नव्हती, पैसे पाठवणं नव्हतं, साधा कॉलसुद्धा नव्हता. निरोप पोचवायचा, बस्स. पैशाला हात लावला की माणसं लागतात, असं मी म्हणालो. त्याला ते फारसं पटलं नाही.

बाबांनी मात्र खाली काट्याकडे बघितलं. तोलाईदार वजन पुकारत होता. दरवर्षी हमाली-तोलाई वाढली म्हणून बाबा कटकट करतात. "आपल्या पोरालासुद्धा काटा वाचता येतो," ते म्हणाले, "पण आपण वाचलेलं शेतकरी मानंल का? व्यापारी मानंल का? तो दोघांचा नाही म्हणून तर उभा केलाय." मग थांबून म्हणाले, "पण आमच्याकडं तोलाईदार एक असतो. तीन गप्प बसलेले नसतात."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बदल फोनांवर पोचायला सात आठवडे लागले. फक्त देवनागरी, एका रकमेत दोन लिप्या मिसळल्या तर नकार, आणि पैसे जाण्याआधी रक्कम अक्षरी दाखवायची. ही शेवटची सूचना त्या सुरक्षावाल्या बाईंचीच, आणि सगळ्यात कामाची. पट्टीवर दिवाणजी आयुष्यभर तेच करत आलेत.

मे महिन्यात गेलो तर दिवाणजींच्या गल्ल्यावर चिठ्ठी चिकटवलेली : 'रक्कम इंग्रजीत टाकणे'. म्हटलं, आता काढा की, मराठी आकडे चालतात.

"राहू द्या ओ," दिवाणजी म्हणाले. "तुमच्यातलं कोण तरी परत काय तरी दुरुस्त करंल."