गोंडवनाचा गोल, नोंद चौथी: सेशेल्सची जागा सापडली

मंडळी, भारत बसला. म्हणजे दक्षिणेकडचे आजचे खंड आणि भारत पूर्वी ज्या एकाच महाखंडात, गोंडवनात, जोडलेले होते, तो मी पृथ्वीगोलावर कागदी तुकड्यांनी पुन्हा जुळवतोय, आणि त्यातला भारताचा तुकडा बसला. गेल्या रविवारी रात्री पावणेअकराला तो मादागास्करच्या पूर्व कडेला टेकला. मधली फट एका टोकाला दीड मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ शून्य. मागची नोंद मे महिन्यात लिहिली, तेव्हा आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका जुळली होती आणि भारताला दोन आठवडे पुरतील असा माझा अंदाज होता. त्याला चार महिने लागले. का लागले, तेच आज सविस्तर लिहितो.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. शाळेत असतो तसा ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घेतला आहे. त्यावर पातळ प्लास्टिक ताणायचं, वर वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे सात थर खळीने चिकटवायचे आणि पूर्ण वाळल्यावर खंडाच्या आकाराचा तुकडा कापून काढायचा. तुकड्याला गोलाचाच बाक येतो, त्यामुळे तो गोलावर कुठेही सरकवला तरी अंगाबरोबर बसतो. सपाट नकाशातून कापलेल्या पुठ्ठ्यांनी हे जमत नाही, कारण नकाशा काढतानाच आकार ताणले गेलेले असतात. खंड जुळवून बघायचे असतील तर गोलावरच बघा, हा माझा आग्रह आता आणखी पक्का झाला आहे.

पावसाळ्याने छळलं. जूनमध्ये पहिला भारत वाळायला ठेवला, चौथ्या दिवशी त्यावर हिरवी बुरशी. बाबा गिरगावात बाइंडिंगचं काम करायचे. आईने तुकडा हातात घेतला आणि म्हणाली, "अरे, पावसाळ्यात ते खळीत मोरचूद टाकायचे, विसरलास का?" विसरलोच होतो. चार वाट्या खळीला चिमूटभर मोरचूद टाकल्यावर पुन्हा बुरशी आली नाही. मोरचूद विषारी असतो, तेव्हा हातमोजे घाला आणि खळीचं भांडं स्वयंपाकघरात परत नेऊ नका. वाळवायला फ्रिजच्या मागची गरम जागा उत्तम.

आता मुख्य अडचण. भारत मी किनाऱ्याच्या रेषेवर कापला होता. तो मादागास्करला लावला की केरळकडचा भाग बसायचा, पण मुंबई-सौराष्ट्राकडे बोटभर पोकळी राहायची. आधी वाटलं, कापण्यात चूक झाली. दुसरा तुकडा केला, तीच पोकळी. मग लक्षात आलं की किनारा ही खंडाची कड नाहीच. आज समुद्राची पातळी जिथे आहे तिथे आखलेली ती एक रेषा आहे. खंड त्याच्या पुढे समुद्रबूड जमिनीच्या रूपाने पाण्याखाली चालूच राहतो आणि खंडान्त उतारावर, म्हणजे तळ एकदम खोल जातो तिथे, संपतो. खंड सरकतात हे मांडणाऱ्या वेगेनरनेसुद्धा किनारा न धरता समुद्रबूड जमिनीची कड धरली होती. पुढे १९६५ मध्ये बुलार्ड, एव्हरेट आणि स्मिथ यांनी केंब्रिजमध्ये संगणकावर अटलांटिकच्या दोन्ही बाजू जुळवल्या, त्याही ५०० फॅदमच्या, म्हणजे सुमारे ९०० मीटर खोलीच्या रेषेवर. दक्षिण अमेरिका किनाऱ्याने कापूनही बऱ्यापैकी जुळली, म्हणून मे महिन्यात हे माझ्या नजरेतून सुटलं.

आपल्या किनाऱ्याला या चुकीची शिक्षा जास्त बसते. माझ्या गोलावर १ मिलिमीटर म्हणजे साधारण साडेबेचाळीस किलोमीटर. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, म्हणजे ७ मिलिमीटर. कोचीसमोर ती ६० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर. दक्षिणेला दीड आणि उत्तरेला सात मिलिमीटर जोडल्यावर भारताच्या पश्चिम कडेचा कलच बदलतो. मुंबई हायचं तेल ज्या भागातून निघतं, तो याच बुडालेल्या जमिनीवर आहे. त्या सात मिलिमीटरमधला काही भाग नंतर साचलेल्या गाळाचा आहे, हे मला माहीत आहे. तरीही ही कड किनाऱ्यापेक्षा कितीतरी खरी.

तिसरा भारत नव्या कडेने कापला. तो हाताने सरकवत नेता आला असता, पण तसं करायचं नव्हतं. गोलाच्या पृष्ठभागावरची कुठलीही हालचाल ही गोलाच्या मध्यातून जाणाऱ्या एका आसाभोवतीचं फिरणं म्हणून मांडता येते, हे गणितज्ञ ऑयलरने अठराव्या शतकात सिद्ध केलं. भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकणाऱ्या तुकड्यांच्या, हालचालीचं सगळं गणित आज यावरच उभं आहे. तेव्हा भारताला एक पट्टी जोडायची, ती आसाच्या टोकावर टाचणीने रोवायची आणि भारताला त्या टाचणीभोवती फिरू द्यायचं.

टाचणी कुठे रोवायची ते असं काढलं. भारतावर दोन खुणा केल्या, एक कन्याकुमारीपाशी, एक कच्छपाशी. प्रत्येक खुणेची आजची जागा आणि मादागास्करजवळची जुनी जागा गोलावर पेन्सिलने टिपली. दोन जागांमध्ये दोरा ताणला की गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग मिळतो. त्याच्या मध्यावर काटकोनात दुसरा दोरा. दुसऱ्या खुणेसाठीही तसंच. हे दोन काटकोनी दोरे जिथे एकमेकांना छेदतात, तिथे टाचणी. शाळेत वर्तुळाचा मध्य शोधायचो तीच रचना, फक्त कागदाच्या जागी गोल. माझे दोरे पहिल्यांदा फार तिरप्या कोनात छेदले, त्यामुळे छेदनबिंदू सेंटिमीटरभर इकडेतिकडे होत राहिला. खुणा एकमेकींपासून जास्तीत जास्त लांब घेतल्यावर तो स्थिरावला. एक टाचणी संपूर्ण प्रवासाला पुरत नाही. भारताची दिशा आणि वेग वाटेत बदलत गेले. सध्या तीन टाचण्या आहेत, तीन टप्प्यांच्या.

टप्पे लावताना मला या छंदातला आजवरचा सगळ्यात मोठा आनंद मिळाला. भारत मादागास्करपासून सुटला तो साधारण ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी. त्या काळातल्या ज्वालामुखीचे स्तंभाकृती खडक उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवर आजही उभे आहेत. सुटताना भारताच्या पश्चिम कडेला एक छोटा तुकडा चिकटलेला होता, तो म्हणजे सेशेल्स. माझ्या गोलावर वाटाण्याएवढा. सेशेल्सची मुख्य बेटं ग्रॅनाइटची आहेत, सुमारे ७५ कोटी वर्षांची. म्हणजे महासागराच्या मधोमध असूनही ती खंडाचाच तुकडा आहेत. त्यांच्या वयाचे भाऊबंद राजस्थानात मलानीच्या खडकांत सापडतात.

दख्खनचे लाव्हा ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिले, आणि त्यानंतर काही दशलक्ष वर्षांतच फाटण्याची रेषा मादागास्करच्या बाजूचा समुद्र सोडून सेशेल्स आणि भारत यांच्यामध्ये आली. तोवर भारताबरोबर उत्तरेला निघालेलं सेशेल्स तिथून पुढे आफ्रिकेच्या बाजूला राहिलं. माझ्या गोलावर हा वाटाणा आधी भारताच्या पट्टीला टोचलेला असतो आणि तिसऱ्या टाचणीच्या वेळी तो काढून गोलाला टोचावा लागतो. त्या क्षणाआधी आपल्या पश्चिमेला समुद्राऐवजी जमीन होती, एक शेजारी होता.

ही गोष्ट गोलावर कळली, पण पटली ती बाहेर हिंडताना. पुण्याला जाताना कर्जतनंतर गाडीच्या खिडकीतून बघा. खंडाळ्याच्या घाटात लाव्हाचे थर एकावर एक, जवळजवळ आडवे, पायऱ्यांसारखे रचलेले दिसतात. तेच थर पनवेलच्या आसपास वाकतात आणि समुद्राकडे उतरायला लागतात. भूशास्त्रज्ञ याला पनवेलचा वाक म्हणतात. ऑगस्टमध्ये एका ओहोटीला मी कोनमापक आणि ओळंबा घेऊन वांद्र्याच्या बँडस्टँडखाली गेलो. सहा ठिकाणी थरांचा उतार मोजला, ११ पासून १७ अंशांपर्यंत, सगळे पश्चिमेकडे. शेजारी सुटून गेल्यावर खंडाची कड खचते आणि थर नव्या समुद्राकडे कलतात. आपण संध्याकाळी ज्या खडकांवर बसतो, ते अशा खचलेल्या कडेवर आहेत.

वरळीच्या टेकडीतला बेडूकही मला इथेच आठवतो. लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात सापडलेल्या त्या इवल्याशा बेडकाच्या जीवाश्माचं वर्णन ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने १८४७ मध्ये केलं. बेडूक गोड्या पाण्याचा. म्हणजे आज जिथे समुद्राच्या लाटा आदळतात, तिथे उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी होती. मनोरी-गोराईकडे गेलात तर तिथले फिकट रंगाचे खडक हातात घ्या, हातोडी मात्र नेऊ नका. ते घाटातल्या काळ्या बेसाल्टपेक्षा तरुण आहेत, शेजारी सुटत होता त्या सुमाराचे.

वेगाबद्दल. लाव्हा थिजताना त्यातल्या लोहखनिजांत तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा बंद होते. ती दिशा क्षितिजाशी किती अंश कललेली आहे त्यावरून अक्षांश काढता येतो. त्या कोनाचा टॅन म्हणजे अक्षांशाच्या टॅनची दुप्पट. कल ४९ अंश धरला तर अक्षांश ३० येतो. दख्खनच्या लाव्हांवर क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या संशोधकांनी १९५६ मध्ये असं मोजमाप प्रसिद्ध केलं, पुढे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही हे काम झालं. निष्कर्ष एकच, दख्खन तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होतं, साधारण ३० अंशांवर. समुद्रतळ मधून फाटत रुंदावतो याचा पुरावा यायच्या आधीचं हे काम, आणि तेही आपल्या काळ्या दगडातून. याचं महत्त्व आपल्याकडे पुरेसं सांगितलं जात नाही असं मला वाटतं.

आता गुणाकार करा. मुंबई आज १९ अंश उत्तरेला. म्हणजे ४९ अंशांचा प्रवास, सुमारे ५,४०० किलोमीटर, माझ्या गोलावर पावणेतेरा सेंटिमीटर. ६ कोटी ६० लाख वर्षांनी भागलं तर सरासरी वर्षाला आठ सेंटिमीटरच्या वर. पण आज भारत वर्षाला पाचेक सेंटिमीटरनेच सरकतो. मग पूर्वी तो नक्कीच जोरात धावत असला पाहिजे. आणि समुद्रतळावरचे चुंबकीय पट्टे (तळाचा खडक थिजताना त्यात बंद झालेल्या, आलटून पालटून उलटणाऱ्या चुंबकीय दिशेचे पट्टे) तेच सांगतात, त्या काळात वर्षाला १५ सेंटिमीटरच्या वर. आशियाला टक्कर सुरू झाली तेव्हा, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, तो मंदावला. म्हणून भारताच्या वाटेवर मी काळाच्या रेघा समान अंतरावर न मारता दर ५० लाख वर्षांनी मारल्या आहेत. आधी लांब लांब, मग एकदम जवळजवळ. ती वाट नुसती बघितली तरी टक्कर कुठे झाली ते कळतं.

एक विसंगती उरते. दख्खनला जन्म देणारा तप्त स्रोत, म्हणजे पृथ्वीच्या खोल भागातून वर येणाऱ्या उष्ण खडकाची जागा, आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे आणि रियुनियन २१ अंश दक्षिणेला आहे, ३० ला नाही. स्रोतही जागचा हलत असावा, असं यावरून दिसतं. त्यामुळे त्याला गोलावर कायमचा ठिपका न देता लहानशी लाल पट्टी चिकटवली आहे.

स्वतः चुंबकत्व मोजायचा प्रयत्न फसला. दोऱ्याने टांगलेल्या सुईजवळ बेसाल्टचा सुटा दगड नेला, सुई थोडी हलली, पण त्याला अर्थ नाही. दगड मूळ जागी कुठे तोंड करून होता हेच माहीत नव्हतं. खडकावर आधी उत्तर दिशा आणि आडवी पातळी यांची खूण करावी लागते, मगच तो काढायचा. शिवाय शहरात विजेच्या तारांचा त्रास. कुलाब्याच्या वेधशाळेलाही हाच प्रश्न पडला होता. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय नोंदी १९०४ मध्ये अलिबागला हलवल्या गेल्या. पुढचा प्रयत्न मी अलिबागकडेच करणार.

पुढचं काम दोन भागांत आहे. एक, अरबी समुद्रातली कार्ल्सबर्ग रांग, पाण्याखालची डोंगररांग, गोलावर चढवायची. भारत आणि सेशेल्स यांच्यामध्ये समुद्रतळ रुंदावतो तो या रांगेवर. व्हाइन आणि मॅथ्यूज या भूशास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला तो याच रांगेवरच्या नोंदींतून, त्यामुळे तिला निळ्या नाही, सोनेरी दोऱ्याने दाखवायचं ठरवलं आहे. दोन, भारताची उत्तर कड. टक्करीच्या आधी भारत हिमालयाच्या पलीकडे आणखी लांब होता. तो भाग आता घड्या पडून आणि तिबेटखाली सरकून दिसेनासा झाला आहे. किती लांब धरायचा यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मी तो भाग कागदाऐवजी पातळ कापडाचा करून बघतोय, म्हणजे टक्कर झाली की खरोखर घड्या पडतील. मलमल फार सैल पडते, खळ लावलेलं मांजरपाट बरं वाटतंय. कोणी दुसरं काही वापरलं असेल तर कळवा.

आणि पुढच्या मोठ्या ओहोटीला बँडस्टँडखाली पुन्हा मोजायला जाणार आहे. येणाऱ्यांनी आपापला ओळंबा आणावा, माझ्याकडे एकच आहे.