इंग्लंडमध्ये डॉक्टर फोनवरच तपासतात तेव्हा

इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरला जीपी म्हणतात. आपल्यासारखं दवाखान्यात जाऊन नंबर लावायची पद्धत तिथे नाही. सकाळी फोन करायचा किंवा ऑनलाइन फॉर्म भरायचा, आणि पुष्कळदा पहिली तपासणी फोनवरच होते. मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांना याची धास्ती वाटते. नेहमीच्या गोळ्या, रक्ताचे रिपोर्ट, बीपी यांसाठी ती बाळगायचं कारण नाही. बीपीचे आकडे मात्र तयार हवेत. किमान 4 दिवस, शक्यतो 7, सकाळ-संध्याकाळ बसून, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं. पहिला दिवस सोडून सरासरी काढतात.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये दूरस्थ तपासणीत चूक झाल्याच्या 95 घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा घटना विरळ, पण कारणं पुन्हा पुन्हा तीच: माहिती अपुरी घेतली, हात लावून तपासायला हवं तिथे तपासलं नाही, बिघडलं तर काय करायचं ते नीट सांगितलं नाही.

आपल्यासाठी त्यात त्वचेच्या रंगाची भर पडते, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. सावळ्या अंगावरचं पुरळ लाल न दिसता तपकिरी किंवा जांभळट दिसतं. फोटो दिवसाउजेडी काढा, एक जवळून, एक लांबून. तापात पुरळ उठलं तर तळहात, तळपाय, तोंडातली टाळू आणि पापणीची आतली बाजू बघा. श्वासाची तक्रार असेल तर ओठांबरोबर जिभेचाही रंग बघून सांगा. ऑक्सिमीटर सावळ्या त्वचेवर कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. आकडा चांगला असला तरी वाक्य पुरं करताना धाप लागत असेल, तर ते आधी सांगा.

वाढत जाणारी पोटदुखी, स्तनातली गाठ, तिसऱ्यांदा उद्भवलेली तीच तक्रार: इथे ‘फेस टू फेस’ अपॉइंटमेंट मागाच. तीन महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश सेल्सिअस ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. छातीत दुखलं तर थेट 999, म्हणजे तिथला आणीबाणीचा नंबर.

दुभाषा मोफत मिळतो, अपॉइंटमेंट घेतानाच मागा. मुलगाच भाषांतर करत असेल, तर लघवीची किंवा अंगावरून जाण्याची तक्रार आई त्याच्यासमोर सांगत नाही आणि नेमकी तीच राहून जाते.

फोन ठेवण्याआधी विचारा: उतार किती दिवसांत पडायला हवा, काय दिसलं तर थांबायचं नाही, आणि तेव्हा 111 (आणीबाणी नसताना वैद्यकीय सल्ल्याचा नंबर) लावायचा की 999. उत्तरं तिथल्या तिथे लिहून घ्या.